‘फोन उघडा जरा’: ही विनंती की आदेश?

या आठवड्याचं पत्र थोडं आटोपतं करून देत आहे. पाठवणाऱ्या ताईंच्या विनंतीवरून नाव-गाव छापलेलं नाही.

“मी एकोणतीस वर्षांची आहे, एका छोट्या कंपनीत हिशेब बघते. काही महिन्यांपूर्वी रात्री ऑफिसमधून घरी येताना नाकाबंदीत माझी स्कूटर अडवली. लायसन्स डिजिलॉकरमध्ये होतं, म्हणून फोन दाखवला. हवालदारांनी तो हातात घेतला. लायसन्स बघून झालं, मग त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, मग फोटो बघितले. मी गप्प उभी राहिले. आता आमच्या मालकांवर फसवणुकीचा गुन्हा दाखल झालाय. मी आरोपी नाही, पण परवा पोलीस ठाण्यातून फोन आला: ‘मोबाईल घेऊन या, पासवर्ड पण लागेल.’ माझ्या फोनमध्ये बहिणीच्या घटस्फोटाची सगळी कागदपत्रं आहेत, तिने रात्री-अपरात्री रडत पाठवलेले व्हॉइस मेसेज आहेत, माझे स्वतःचे दवाखान्याचे रिपोर्ट आहेत. बाबा म्हणतात, लपवण्यासारखं काही नाही ना, मग देऊन टाक, पोलिसांच्या नादी लागू नये. मी फोन द्यायला बांधील आहे का? आणि पासवर्ड?”

प्रिय ताई,

तुम्ही घाईत असाल म्हणून उत्तर आधी देते, कारणं मागाहून. नुसत्या फोनवरच्या निरोपावर ठाण्यात जाऊ नका, लेखी नोटीस मागा. नोटीस रीतसर असेल तर फोन बहुधा द्यावा लागेल. पासवर्ड मात्र वकिलाशी बोलल्याशिवाय आणि न्यायालयाचा आदेश बघितल्याशिवाय देऊ नका. आणि आज, आत्ता या क्षणापासून फोनमधलं काहीही पुसू नका. अगदी लाजिरवाणं वाटणारंसुद्धा.

आता त्या नाकाबंदीबद्दल. तुम्ही तो विषय दोन ओळींत उरकलात, पण तुमच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ मला तिथेच दिसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 खाली गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन्स आणि गाडीची कागदपत्रं दाखवावीच लागतात. डिजिलॉकरमधलं लायसन्स त्यासाठी चालतं. पण त्या कलमात व्हॉट्सअ‍ॅप नाही आणि फोटोही नाहीत. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे तपास कसा करायचा ते ठरवणाऱ्या कायद्याचं, कलम 185 आहे. तो अधिकार ठाणे प्रमुखाचा किंवा तपास अधिकाऱ्याचा, तोही दाखल झालेल्या एखाद्या गुन्ह्याच्या तपासासाठी. झडतीची कारणं आधी लेखी नोंदवायची, काय शोधतोय ते शक्य तितकं नेमकं लिहायचं आणि त्या नोंदींच्या प्रती 48 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायच्या. चालत्या रस्त्यावर कुणाचेही चॅट चाळायची मुभा यातून मिळत नाही. तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात कसला गुन्हा नव्हता, लेखी कारण नव्हतं, तुमच्याविरुद्ध संशय असल्याचंही कुणी म्हटलं नव्हतं. तुमचा फोन चाळायचा अधिकार त्या हवालदारांना नव्हता.

मग त्यांनी तो चाळला कसा? तुम्ही अडवलं नाहीत म्हणून. हे मी तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही. रात्रीची वेळ, समोर गणवेश, हातात काठी, अशा वेळी भल्याभल्यांची वाचा बसते. पण कायद्याच्या नजरेत तुमच्या गप्प राहण्याला फार मोठा अर्थ चिकटू शकतो आणि तो अर्थ म्हणजे ‘संमती’. 2021 साली हैदराबादमध्ये पोलीस रस्त्यात लोकांना थांबवून त्यांचे फोन तपासत होते, चॅटमध्ये ‘गांजा’ असा शब्द शोधत होते. त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. ओरड झाल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं काय होतं? आम्ही कुणावर सक्ती केलेली नाही, लोक सहकार्य करताहेत. या उत्तरावर मी बराच विचार केला आहे. ज्या माणसाला ‘नाही’ म्हणता येतं हेच ठाऊक नाही, त्याचं सहकार्य कशाला म्हणायचं?

आपल्याकडे ‘नाही’ त्याच क्षणी म्हणणं इतकं महत्त्वाचं का, त्याला एक ठोस कारण आहे आणि ते फारच थोड्या लोकांना माहीत असतं. अमेरिकेत पोलिसांनी बेकायदा झडती घेऊन पुरावा मिळवला, तर तो सहसा खटल्यातून बाद होतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ‘रायली विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात नऊच्या नऊ न्यायमूर्तींच्या एकमताने सांगितलं, की अटक केलेल्या माणसाचासुद्धा मोबाईल उघडून बघायचा तर सर्वसाधारणपणे आधी वॉरंट आणा. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 1974 च्या ‘पूरनमल’ निकालापासून वेगळी रीत आहे. झडती चुकीच्या पद्धतीने झाली असली तरी सापडलेला पुरावा, खटल्याशी संबंधित असेल तर, केवळ त्या कारणाने फेकून दिला जात नाही. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यामुळे वकिलांच्या हाती युक्तिवादाला नवं बळ आलं हे खरं. पण जुनी रीत त्याने पुसली गेलेली नाही. थोडक्यात, एकदा बघितलेलं ‘न बघितलेलं’ करून देणारी सोय आपल्याकडे फार दुबळी आहे. म्हणून हक्क जपायचा तो मागणी होते त्या क्षणी, फोन खिशात असताना.

आणि तो जपायला भांडावं लागत नाही. एक प्रश्न पुरतो: “साहेब, हे कोणत्या कलमाखाली मागताय? लेखी आदेश आहे का?” आवाज न चढवता, हात खाली ठेवून. उत्तरात कलम आलं, कागद आला, तर तो आदेश. तो बघून पुढचं ठरवता येतं. “कलम-बिलम काय, दाखवा ना जरा,” असं उत्तर आलं तर ती विनंती, आणि विनंतीला नम्रपणे नाही म्हणता येतं: “माफ करा, माझी संमती नाही.” तरीही त्यांनी फोन हिसकावून घेतला तर झटापट करू नका, हात अडवू नका. सरकारी कर्मचाऱ्यावर बळाचा वापर केल्याचा गुन्हा तुमच्यावर लागायला एक धक्का पुरतो. फक्त आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं पुन्हा एकदा म्हणा, “मी संमती दिलेली नाही.” नाव, बक्कल नंबर, वेळ, जागा लक्षात ठेवा आणि घरी गेल्या गेल्या लिहून काढा. पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे तक्रार करायची तर हाच कागद कामाला येतो.

डिजिलॉकर वापरणाऱ्या सगळ्यांसाठी आणखी एक सांगून ठेवते. लायसन्स दाखवताना फोन हातातून सोडू नका, स्क्रीन समोर धरा. अँड्रॉइडवर ‘अ‍ॅप पिनिंग’ आणि आयफोनवर ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ नावाची सोय असते. ती आधी सुरू करून ठेवली तर पडद्यावर ते एकच अ‍ॅप राहतं, बाहेर पडायला तुमचा पासकोड लागतो. शनिवारी दुपारी दहा मिनिटं बसून ती लावून टाका, आणि बाबांच्या फोनवरही लावून द्या.

आता परवाच्या फोनकडे येऊ. तुम्ही साक्षीदार असाल तर तुम्हाला बोलावण्याचा अधिकार तपास अधिकाऱ्याला त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 खाली आहे, पण त्याच कलमाप्रमाणे ते बोलावणं लेखी हवं. आणि महिलेला, ती राहते त्या जागेखेरीज दुसरीकडे साक्षीदार म्हणून हजर राहायची सक्ती करता येत नाही. हे कलम तुमच्या बाजूने उभं आहे, ते वापरा. त्यांना लेखी कळवा की तपासात सहकार्य करायला मी तयार आहे, माझा जबाब माझ्या घरी नोंदवावा. नोटीस 179 ऐवजी कलम 35 ची आली, तर मात्र गोष्ट वेगळी. ती साक्षीदाराची नसते, ज्याच्यावर संशय आहे त्याची असते. ती आली तर टाळायची नाही, तडक वकिलाकडे जायचं. म्हणूनच मी लेखी नोटिशीवर एवढा जोर देते आहे. तुम्ही नेमक्या कुठे उभ्या आहात, हे त्या एका कागदाशिवाय कळत नाही. तोंडी बोलावण्यात साक्षीदार म्हणून गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत कोण ठरेल, याचा भरवसा नसतो.

जबाबाबद्दल दोन गोष्टी माहीत असू द्या. विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यायला तुम्ही बांधील आहात, पण ज्या उत्तराने तुम्ही स्वतःच गुन्ह्यात अडकू शकता ते द्यायला नाही. आणि पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, कायदाच तसं सांगतो. कुणी सही मागितली तर थांबा आणि विचारा.

फोनचं काय? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 मध्ये डिजिटल पुरावा असू शकेल अशा संपर्क साधनांचा, म्हणजे आपल्या मोबाईलचा, स्पष्ट उल्लेख आला आहे. न्यायालय समन्स काढून किंवा ठाणे प्रमुख लेखी आदेश काढून अशी वस्तू हजर करायला सांगू शकतात. (गंमत म्हणजे 1898 च्या संहितेतही हे कलम 94 च होतं. त्या जुन्या कलमाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये म्हटलं होतं की ते आरोपीला लागू होत नाही.) तुम्ही आरोपी नाही, मालकांशी कामाचं बोलणं तुमच्या फोनवर झालेलं असणार, म्हणजे असा आदेश आला तर तो डावलणं तुम्हाला महागात पडेल. पण त्या कलमाचे शब्द नीट वाचा. त्यात साधन हजर करा असं म्हटलं आहे. पासवर्ड सांगा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

पासवर्डवर न्यायालयांचं एकमत नाही आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) प्रमाणे कुठल्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ‘काथी कालू ओघड’ खटल्यात सांगितलं की बोटांचे ठसे, हस्ताक्षर देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे, कारण त्यात मनातली माहिती द्यावी लागत नाही. 2010 च्या ‘सेल्वी’ निकालात नार्को चाचणी, पॉलिग्राफ वगैरे संमतीशिवाय करायला मनाई झाली, कारण तिथे मनातलंच काढून घेतलं जातं. मग पासवर्ड कुठे बसतो? कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ‘वीरेंद्र खन्ना’ प्रकरणात म्हटलं की पासवर्ड देणं ही साक्ष नाही. पण त्याच निकालात हेही आहे की फोनमधलं बघायला वॉरंट हवं. 2022 मध्ये दिल्लीतल्या सीबीआयच्या विशेष न्यायालयाने उलट धरलं: पासवर्ड मनातून येतो, त्याची सक्ती नाही, बोटाच्या ठशाची मात्र करता येईल. 2023 च्या डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही एका जामीन अर्जावर, खटला चालू असताना आरोपीला पासवर्ड सांगायला भाग पाडता येत नाही, असं मत दिलं.

माझं मत विचाराल तर दिल्लीचं बरोबर आहे. डोक्यात असलेली गोष्ट दमदाटीने तोंडातून काढायची, आणि मग ती साक्ष नव्हे असं म्हणायचं, हे मला पटत नाही. पण तुम्ही आरोपी नसल्यामुळे 20(3) ची ढाल तुम्हाला जशीच्या तशी मिळेलच असं नाही. तुमचा आधार मुख्यतः खासगीपणाचा हक्क. पुट्टस्वामी निकालाप्रमाणे सरकारने तो ओलांडायचा तर कायद्याचा आधार हवा, योग्य हेतू हवा आणि गरजेपेक्षा जास्त घुसखोरी नको. तुमचे वकील नेमकं याच तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवतील. मालकांच्या फसवणुकीचा तपास करायला मालकांशी झालेले मेसेज, हिशेबाच्या फाइल्स, त्या काळातले कॉल लागतील. बहिणीचे व्हॉइस मेसेज कशाला लागतील? म्हणून स्वतःहून लेखी देऊ करा, की संबंधित चॅट आणि फाइल्स मी देते, मूळ फोनवर पडताळूनही दाखवते. हे त्यांनी मानलं तर उत्तम. न मानलं तरी सहकार्याची तयारी दाखवल्याची लेखी नोंद तुमच्याकडे राहते.

एका कडक कायद्याचाही उल्लेख करायला हवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली माहितीचं कुलूप उघडायला मदत करण्याचा आदेश निघू शकतो, आणि तो न पाळल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. तो आदेश सर्वसाधारणपणे केंद्र किंवा राज्याच्या गृह सचिवांच्या पातळीवरून यावा लागतो. कुणी तोंडी ‘69 लावू’ म्हणालं तर तो आदेश दाखवायला सांगा. ब्रिटनमध्ये 2000 सालच्या कायद्याने रीतसर नोटिशीनंतर पासवर्ड न देणं हाच गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत आणि देशाच्या सुरक्षेसारख्या प्रकरणांत पाच वर्षांपर्यंत शिक्षा. तिथे निदान कुणी, केव्हा, कसं मागायचं हे कायद्यात लिहिलेलं आहे. आपल्याकडे रोजच्या तपासात ते पोलीस ठाण्याच्या टेबलावर ठरतं, हीच खरी तक्रार आहे.

बाबांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. पोलिसांच्या वाटेला जाऊ नये हे शहाणपण त्यांनी अनुभवातून घेतलेलं असणार. पण त्यांना शांतपणे एवढं विचारा, की बहिणीने ते मेसेज कुणाला पाठवले होते? तिने तुमच्यावर विश्वास ठेवला, तपास अधिकाऱ्यावर नाही, त्याच्या शेजारी बसलेल्या शिपायावर नाही, आणि फोनची प्रत काढणाऱ्या अनोळखी तंत्रज्ञावर तर नाहीच. ‘लपवण्यासारखं काही नाही’ हे फार तर तुम्ही स्वतःपुरतं म्हणू शकता. तुमच्या फोनमध्ये ज्यांचं ज्यांचं आयुष्य आहे त्या सगळ्यांच्या वतीने ते म्हणायचा अधिकार तुम्हालाही नाही. घराच्या झडतीत पोलीस आले तर कपाट बघतात आणि जातात. फोनची प्रत मात्र जाते ती कायमची, तुमच्या दहा वर्षांसकट.

फोन द्यायची वेळ आलीच तर काय बघायचं ते सांगते. जप्तीचा पंचनामा होतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे आता झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करणं बंधनकारक आहे, ते चालू आहे का बघा. पंचनाम्यात फोनचं मॉडेल, आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), सिम, फोन चालू की बंद, काच फुटलेली असेल तर तेही, असं सगळं यायला हवं. फोन तुमच्यासमोर लाखबंद करायला सांगा. आतल्या माहितीची प्रत काढतील तेव्हा तिची हॅश व्हॅल्यू नोंदवायला सांगा. तो आकड्या-अक्षरांचा ठसा असतो, पुढे फायलीत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी तो जुळत नाही. नव्या साक्ष अधिनियमातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात त्याची जागाच ठेवलेली आहे. पंचनाम्याची प्रत आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका.

आणि सही करण्याआधी पंचनाम्याचा शब्द न् शब्द वाचा. छापील साच्यात एक वाक्य सहज येऊन बसतं: ‘सदर इसमाने मोबाईलचा पासवर्ड स्वखुशीने सांगितला.’ तुम्ही सांगितला नसेल तर ते खोडायला लावा. दबावाखाली सांगितला असेल तर सहीशेजारी तुमच्या हाताने तसं लिहा. ते लिहू देत नसतील तर त्याच दिवशी अधीक्षकांना ई-मेल करा. पुढे न्यायालयात ‘स्वखुशीने’ या एका शब्दावर तासन् तास वाद होतात.

बोटाचा ठसा आणि चेहरा यांवर फोन उघडत असेल तर तो विचार आजच करा. वर सांगितलंच की ठसा हा शरीराचा पुरावा मानण्याकडे आपल्या न्यायालयांचा कल आहे, शिवाय बोट धरून टेकवायला आदेशाचीही वाट बघितली जात नाही. फोन बंद करून पुन्हा चालू केला की पहिल्या खेपेला तो ठसा स्वीकारत नाही, पासकोडच मागतो. चार आकडी पासकोडच्या फक्त 10,000 शक्यता असतात, सहा आकड्यांच्या 10 लाख, आणि अक्षरं मिसळली तर विचारायलाच नको. असा पासकोड ठेवणं हा गुन्हा नाही. पोलिसांकडे फोन उघडायची यंत्रं असतात, काही फोन ती उघडतातही. पण त्या वाटेने गेलं की न्यायवैद्यक प्रयोगशाळा येते, नोंदी येतात, कुणीतरी त्या कामाला जबाबदार राहतं. चार जणांत फोन फिरत राहण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

पुसण्याबद्दल मात्र पुन्हा सांगते, कारण घाबरलेला माणूस पहिल्यांदा तेच करतो. पुरावा म्हणून मागितला जाऊ शकेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेत, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या कायद्यात, स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. मालकांचे चॅट पुसलेत तर आज साक्षीदार असलेल्या तुम्ही उद्या आरोपीच्या रांगेत. ‘डिसअपिअरिंग मेसेज’ (ठरावीक वेळाने मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय) चालू असतील तर मालकांच्या आणि ऑफिसच्या चॅटवर ते लगेच बंद करा. बँक आणि यूपीआयचं काय करायचं ते बँकेला विचारून ठेवा. फोन ताब्यात गेला की दुसऱ्या फोनवरून त्यांचे पिन बदला, त्यात काही गैर नाही. महिने उलटले तरी फोन परत मिळाला नाही, तर मुद्देमाल परत मिळावा म्हणून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. मिळाल्यावर आतला सगळा पासवर्ड-संसार नव्याने मांडा.

वकिलाच्या फीची चिंता तुमच्या पत्रात ओळींमधून दिसली. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळायचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, किंवा 15100 या नंबरवर फोन करा. जाण्याआधी तुमच्या मालकांवरच्या एफआयआरची प्रत मिळवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशांनुसार संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीचे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. त्यात तुमचं नाव कुठे, कोणत्या नात्याने आलंय ते बघा. तो कागद आणि नोटीस हातात असली की वकिलांना पहिल्या पाच मिनिटांत सांगता येईल की तपास अधिकाऱ्यांना काय लिहून पाठवायचं.